बैलाच्या दाव्याची गाठ

विनू, इकडे ये, माह्याजवळ बस. एवढा जीपवाला झाला, अन् फसलेल्या गाड्या ओढायच्या विंचची लोखंडी तार उघड्या हातानं काहून धरतं रे? तुह्या हाताले ग्रीसचा वास आला अन् मले तुह्या आजोबाची ती दुपार आठवली.

बाभुळगावकडं काळ्या चिखलात कोणाचं ट्रॅक्टर फसलं होतं. ओढता ओढता आजोबाच्या जीपची तार तुटली. त्यांनी बैलाच्या दाव्यासारखी तिले गाठ मारली.

मी म्हटलं, "अहो, तुटका भाग कापून क्लिपा लावा, असं गॅरेजवाल्यानं सांगतलं होतं ना? निदान तारेवर ही जीपमधली गोधडी तरी टाका, तुटली तर उसळणार नाही."

"तिले काय थंडी वाजून राह्यली?" ते म्हणाले. सगळे हसले. मी गोधडी उराशी धरून बाजूले झाली.

विंच फिरलं, तार गाठीपाशी तुटून फटकन मागं आली. आजोबाचा उजवा डोळा गेला. त्याच गोधडीनं मी रक्त दाबून धरलं.

कितीक वर्षं मी हेच म्हणत राह्यली, "त्यांनी माह्यं ऐकलं नाही." आता वाटते, गोधडी तर माह्याच हातात होती. टाकायले कोणाले इचारायचं होतं?

आता हातमोजे घाल म्हटलं तर तूही त्यांच्यासारखाच हसतं. मी म्हातारी आणखी काय करू? लवकर लवकर येत जा, बाप्पा. तुहे दोन्ही डोळे पाह्यले का मले बरं वाटते.