देवीच्या झाडावरचं रोप

नवस तर मी पुष्कळ बोलले, पण त्या आषाढातल्या नवसानं माझी जी फजिती केली, ती आठवली की अजून पदरात तोंड लपवावंसं वाटतं!

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही धरणगावला. माझी धाकटी जाऊ सुशी. तिची दोन बाळं जन्मताच गेलेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले, पण घरात आनंद कुठला? ती भिंतीकडे तोंड करून पडायची. शेवटी मी सातपुड्यातल्या देवीला गेले, ओटी भरली. म्हटलं, बाळ सुखरूप होऊ दे, मी पायी दर्शनाला येईन.

देवळामागं ऐनाचं झाड. ओलसर सालीला एक इवलंसं रोप चिकटलेलं. बोराएवढ्या हिरव्या गाठी, तांदळाएवढी पांढरी फुलं! मुळं मात्र उघडी. ना माती, ना खत. माझं मन भरून आलं. अगं बाई, हे लेकरू उपाशी! खरवडून पदरात बांधलं, घरी येऊन तुळशीवृंदावनात लावलं आणि सगळ्यांदेखत बोलून बसले, “हे जगलं की बाळ जगलं!”

कोणी सांगितलं होतं बोलायला?

रोज तांब्याभर पाणी, वर शेणखत, सोमवारी दूध. गाठी पिवळ्या झाल्या, मग काळ्या. श्रावण लागायच्या आत सगळं कुजलं!

सुशी आतून विचारायची, “अक्का, रोप कसं आहे?”

“छान आहे हो!” मी डोळे पुसत म्हणायची.

पण ती बाहेर येऊन बघेल, तेव्हा? माळ्यावर बियाण्याचे, त्या गाठींएवढेच बारीक कांदे होते. दोन-तीन खोचले तिथं. चातुर्मासात आमच्या घरी कांद्याचं नाव काढत नाहीत, आणि मी तो तुळशीपाशी लावला! पात वर आली की रोज कात्रीनं छाटायची. सासूबाईंना अंधुक दिसायचं. त्या त्यालाच देवी मानून हळदकुंकू वाहायच्या.

“देवीले वास कसाना येस वं?”

“रानातला वास आहे, सासूबाई.”

एका श्रावणी सोमवारी मी पूजेत अडकले, छाटायचं राहिलं. सासूबाईंनी पातीचा तुकडा प्रसाद म्हणून जिभेवर ठेवला. उपासाच्या दिवशी!

“अवं, हाई कांदानी पात शे!”

सुशी उंबऱ्यात उभी. चेहरा पांढराफटक.

“अक्का, खरं सांगा. रोप कधी गेलं?”

“श्रावणाच्या आधीच,” मी हुंदका दिला.

तिनं पोटावर हात ठेवला. “पण बाळ तर आजही लाथा मारतंय!” आणि कित्येक महिन्यांनी ती हसली. रडत रडत हसली.

“मी बठ्ठा श्रावण कांदाले हात जोडात!” सगळा श्रावण कांद्याला नमस्कार घडला म्हणून सासूबाईंचा तोंडाचा पट्टा मात्र संध्याकाळपर्यंत चालला.

कार्तिकात मुलगी झाली. काडीसारखी, पण जिवंत. मी पायी देवीला गेले. ऐनाच्या खोडावर तीच इवली रोपं, ओळीनं, उघड्या मुळांनी खोड धरून, नुसत्या वाऱ्या-पावसावर जगत बसलेली. माझ्यासारख्या अन्नपूर्णेवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं!

लांबूनच नमस्कार केला आणि परतले. तुम्हीही रानात गेलात तर एवढं करा, बायांनो. हात जोडा, आणि जोडलेलेच ठेवा.