जड एक्सल

“मायं चाक मायाच पुढून पळत गेलं, काका. मले वाटलं, बाजूवाल्याचं हाय,” नीलेश सांगत होता.

त्याची व्हीलचेअर माझ्या लेथजवळ लावली होती. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तुटका एक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा लोखंडी दांडा. मागे त्याचा थोरला भाऊ दिनेश उभा होता.

भंडाऱ्यात हायवेला लागून माझं वर्कशॉप आहे. ट्रक-ट्रॅक्टरचे मागचे एक्सल दुरुस्त करणं हे रोजचं काम. हे दोघे आंधळगावचे, धानाचे व्यापारी. नाद ड्रॅग रेसिंगचा. म्हणजे दोन गाड्या उभ्या जागेवरून एकदम सुटतात, सरळ चारशे मीटर पळतात, आधी पोहोचेल तो जिंकला. दिनेश गाडी बांधायचा, नीलेश चालवायचा. मागच्या हिवाळ्यात निम्म्या पट्ट्यावर शाफ्ट तुटला, चाक निखळलं आणि गाडी उलटली. नीलेशचे पाय तेव्हापासून हलले नाहीत.

मी शाफ्ट उजेडात धरला. तुटलेल्या तोंडावर कडेला तपकिरी पट्टा होता, मधला भाग चकचकीत. तपकिरी म्हणजे जुना तडा. तो हळूहळू आत सरकत गेला आणि उरलेलं लोखंड एका झटक्यात गेलं.

“मी नट कमी कसला होता काय?” दिनेशने विचारलं. इतके महिने तो हाच प्रश्न घेऊन फिरत असावा.

“नाही. तडा बेअरिंगच्या आतल्या बाजूला हाय. तिथं पाना जातच नाही.”

“दिसला असता काय?”

“शाफ्ट काढून धुतला असता, त दिसला असता.”

त्याने मान हलवली. खोटं सांगून त्याचं भलं झालं नसतं.

नीलेश म्हणाला, “गाडी पुन्हा उभी करून राहिलो, काका. असाच हलका एक्सल टाका.”

“चालवणार कोण?”

“दादा.”

मी दिनेशकडे पाहिलं. “तुले चालवाची हाय?”

“तो म्हणते त चालवीन,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

काम घ्यावंसं वाटत नव्हतं. पण मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरीकडे जाऊन तोच एक्सल टाकला असता. म्हणून मी दोघांना बसवून समजावलं. हलक्या एक्सलमध्ये चाक थेट शाफ्टला बसवलेलं असतं. चाक फिरवायचं काम शाफ्टचं आणि गाडीचं वजन पेलायचं कामही त्याचंच. तो तुटला की चाक सुटतं. छोट्या ट्रकच्या जड एक्सलमध्ये वजन बाहेरच्या जाड नळीवर असतं, तिला हाउसिंग म्हणतात. चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, स्वतःच्या बेअरिंगवर त्या नळीवर बसतो. शाफ्ट फक्त फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं.

“वजन किती वाढन?” नीलेशने विचारलं.

“बरंच. टाइम जाईन तुमचा.”

“टाइमच गेला त रेस कायची?”

नीलेश थोडा वेळ भावाच्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “जडच टाका.”

स्वतः चालवायचा तेव्हा त्याने हलका निवडला होता.

ट्रकचं हाउसिंग दोन्ही बाजूंनी कापून गाडीच्या मापाचं केलं. शाफ्ट नवे बनवून घेतले. सरळ पट्ट्यावर दोन्ही चाकांनी सारखं ओढावं म्हणून, चाकांना कमी-जास्त वेगाने फिरू देणारं डिफरन्शिअल लॉक केलं. वळणावर अशी गाडी फार त्रास देते, पण इथे वळण नव्हतंच.

चाचणीला मीही गेलो. जुनी, वापरात नसलेली धावपट्टी होती. दिनेश हेल्मेट घालून, कोणाकडे न बघता गाडीत बसला. गाडी सुटली ती चांगली सुटली. निम्म्याच्या पुढे गेली आणि कडक आवाज आला. गाडी उजवीकडे ओढली गेली. दिनेशने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी घसरत कडेला जाऊन थांबली. चारही चाकांवर.

शाफ्ट तुटला होता. लॉक डिफरन्शिअल आणि रस्ता घट्ट धरणारे चिकट टायर असले की शाफ्ट कधी तरी तुटतातच. हा पहिल्याच दिवशी तुटला.

दिनेश दार उघडून उतरला आणि आमच्याकडे चालत आला. चेहरा पांढरा पडला होता. “काही नाही झालं,” तो म्हणाला. “काहीच नाही झालं रे.”

नीलेशने खुर्ची गाडीपर्यंत नेली. उजव्या चाकावर हात ठेवला, ते हलवून पाहिलं. ते पक्कं होतं. बराच वेळ त्याने हात काढला नाही.

“काका, हा एक्सल तवाही भेटत होता काय?”

“होता.”

“माहीत होतं मले,” तो म्हणाला. “वजनापायी नाही घेतला.”

दिनेशने त्याच्या खांद्याला हात लावला. नीलेशने तो झटकला नाही, धरलाही नाही.

गाडी त्यांनी सुटी करून विकली. दोघे एकाच दुकानात बसतात, पण गाड्यांचं नाव काढत नाहीत, असं त्यांच्या गावचा एक ट्रॅक्टरवाला सांगत होता. माझा एक्सल बरोबर होता. त्याने एका भावाला वाचवलं आणि दुसऱ्याला काय टळलं असतं ते दाखवलं.

गाडी कशी पळेल हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. मोडली तर कशी मोडेल, हे आता मी न विचारता सांगतो. बहुतेकांना ते ऐकायचं नसतं.