पोतनीस सरांनी दाखवलेली जेलीफिश

माझे सासरे तात्या पोतनीस यांनी धारच्या मुलांच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्या चौतीस वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. बारा वर्षं मी या घरात सून आहे. त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे दोन शब्द निघालेले मी तरी ऐकलेले नाहीत, आणि माझ्या सासूबाईंनी, अक्कांनी, पंचेचाळीस वर्षांत ऐकलेले नाहीत.

एकदा देवासला त्यांच्या मावसभावाच्या नातवाची मुंज होती. आम्ही सगळे नटूनथटून पोचलो तर हॉलमध्ये सतरंज्या गुंडाळणं चाललेलं. मुंज आदल्या दिवशी झाली होती! दुसरा कोणी असता तर जीभ चावली असती. तात्यांनी त्या भावालाच फैलावर घेतलं, पत्रिका धड छापता येत नाही तर कशाला छापता म्हणून. पत्रिका धडच होती, माझ्या पर्समध्ये होती. तो बिचारा माफी मागून, पेढ्यांचा पुडा हातात देऊन आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला.

शिकवण्याची त्यांची एकच पद्धत. हात लावून बघायचं. कळीच्या चुन्यावर पाणी टाकायचं आणि भांडं पोराच्या हातात द्यायचं. बॅटरीच्या तारा जिभेला लावायच्या. जो हात मागे घेईल त्याच्या त्याच हातावर छडी. आज तीच पोरं धारमध्ये दुकानं थाटून बसलीत. मेडिकलवाला अजेय तर गिऱ्हाईक सोडून बाहेर येतो, पाया पडतो आणि मला सांगतो, "भाभी, सर ने ऐसा मारा था ना, आज तक याद है!" मारणाऱ्याचंच एवढं कौतुक कसं होतं देव जाणे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या नवऱ्यानं, अभिषेकनं, क्रूझचं काढलं. तो पीथमपूरच्या कारखान्यात आहे. पहाटे कंपनीची बस पकडतो, संध्याकाळी गळून घरी येतो, आणि बेचाळीस वर्षांचा झाला तरी वडिलांसमोर पायावर पाय टाकून बसत नाही. मुंबईहून बोटीनं निघायचं, एक दिवस गोव्याला उतरायचं, समुद्रकिनारे बघायचे आणि परत. आम्ही पाच जण. आम्ही दोघं, तात्या, अक्का आणि आमची नऊ वर्षांची अवंती.

तात्यांनी सत्तर वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता. फळ्यावर मात्र भरती-ओहोटी शेकडो वेळा काढलेली. त्यामुळे बोटीवर पाऊल टाकल्यापासून त्यांचा वर्ग सुरू. डेकवर जो उभा सापडेल त्याला चंद्राचं गुरुत्वाकर्षण. जोधपूरचं एक नवं जोडपं तर आम्हाला बघितलं की जिन्यानं खाली पळायचं. अवंती मात्र वही घेऊन मागेमागे. तिला आजोबांचं भारी वेड. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, मराठी वाचताना पोर अडखळते, पण आजोबांनी सांगितलेला शब्द न् शब्द लिहून ठेवायची.

गोव्याच्या त्या किनाऱ्यावर उतरलो तर वाळूत जागोजाग निळे फुगे पडलेले. लहान लहान, काचेसारखे, खाली निळ्या दोऱ्यांचा गुंता. लाल बनियनमधला जीवरक्षक शिटी मारत आला. "अंकल, बच्ची को दूर रखो. जेलीफिश आया है. मरा हुआ भी काटता है."

तात्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कितवी तक पढ़े हो, भिया?"

"आठवी, सर."

"ये जेलीफिश है ही नहीं. ये बहुत सारे जीवों की बस्ती है. पहले पढ़ो, फिर सीटी बजाओ."

आणि त्यात खोटं काही नव्हतं हो! ती खरी जेलीफिश नव्हतीच, मी नंतर शोधून पाहिलं. पण त्या आठवी पास पोराला जे पोटापाण्यासाठी ठाऊक होतं, ते यांना पुस्तकातून ठाऊक नव्हतं. तो खांदे उडवून पुढे गेला, दुसऱ्या लोकांना हाकलायला.

मी घोटाभर पाण्यात उभी होते, वीसेक पावलांवर, अभिषेक आणि अक्का शेजारी. मी सगळं बघितलं. तात्यांनी वाकून एक फुगा वरच्या टोकाला चिमटीत धरून उचलला. "हे बघ, अवंती. मला काही झालं? मेलेली गांधीलमाशी चावते का कधी?" अवंतीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "आजोबा, तो भैया म्हणाला ना..." मग तात्यांचा तो आवाज आला, वर्गातला. "हात पुढे."

तिनं हात पुढे केला. त्यांनी फुगा तिच्या तळहातावर ठेवला आणि खालच्या दोऱ्या तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत लोंबल्या. मी त्या वेळी ओरडायला हवं होतं. मी हसत होते. आजोबा-नातीचं काय छान जमतं म्हणून हसत होते, नालायक मी!

तिची किंकाळी ऐकून अख्खा किनारा वळला. तात्यांनी झटकन पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून तिच्या हातावर ओतली आणि टॉवेलनं खसाखसा पुसायला लागले. तो जीवरक्षक लांबून धावत ओरडत होता, "मीठा पानी नहीं! रगड़ो मत!" आम्ही माळव्यातली माणसं. आग झाली की गोड पाणी ओतायचं, एवढंच आम्हाला कळतं. बाटली रिकामी झाली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत लाल पट्ट्यांनी भरला होता आणि ती गुरासारखी ओरडत होती. त्या पोरानं तिला उचललं, समुद्राचंच पाणी मारलं, एकेक दोरी काढली. मग तिला श्वास लागायला लागला.

टॅक्सीनं तिला बोटीवर नेलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तोंडावर मास्क लावला. अर्ध्या तासानं श्वास जागेवर आला. डॉक्टर कागदावर लिहीत होते. त्यांनी विचारलं, "कैसे हुआ?"

आम्ही चौघं तिथंच उभे होतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "बच्चे सुनते कहाँ हैं, डॉक्टर साहब."

डॉक्टर अवंतीकडे बघून हसले. "अगली बार दादाजी की बात मानना, हाँ?"

मास्कच्या आत पोरीचे डोळे मोठे झाले. तिनं आजोबांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अभिषेक जमिनीकडे बघत होता. मी डॉक्टरांच्या कागदाकडे. मग तिनं हळूच मान हलवली. हो, मानेन.

मी एकदा बोलले, नाही असं नाही. परतीच्या दिवशी डेकवर तात्या एकटे सापडले. म्हटलं, "तात्या, तुम्हीच दिलंत तिच्या हातात. तिला तेवढं सांगा. बाकी मला काही नको. तिला वाटतंय तिनं ऐकलं नाही."

ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मेधा, तिनं हात हलवला. स्थिर धरला असता तर दोऱ्या लागल्या नसत्या. मी स्थिर धरला होता, मला काही झालं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगते, त्या माणसाच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं. खोटेपणापेक्षा हे जास्त भयंकर होतं.

धारला आल्यावर पट्टे काळपट झाले आणि तसेच राहिले, मनगटापासून कोपरापर्यंत, छडीचे वळ असावेत तसे. गावात जो तो विचारी. तात्या प्रत्येकाला सांगत, पोरगी धीट आहे, पण ऐकत नाही. पहिल्यांदा सांगताना ते थोडे अडखळले. दहाव्यांदा त्यात तपशील भरले होते. ते 'थांब' म्हणाले होते, ती पुढे पळाली होती, तिनं मूठ आवळली होती. आणि अवंती शेजारी उभी राहून ऐकत होती.

फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळात मराठी दिनाची वक्तृत्व स्पर्धा असते. मुलांसाठी विषय होता, माझा अविस्मरणीय प्रवास. तात्यांनी अवंतीला भाषण लिहून दिलं, सुरेख, जुन्या वळणाचं, दोन पानं. ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ पाठ करत बसली. "'आजोबांनी मला निक्षून सांगितले होते की स्पर्श करू नकोस. परंतु मी अव... अवज्ञा केली.' आई, अवज्ञा म्हणजे?"

"न ऐकणं."

तिनं कागद मांडीवर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आई, आजोबा तो बोले थे ना, हात पुढे? मला असंच आठवतंय. बरोबर है ना?"

माझ्या हातात पोळी होती. दाराशी अक्का उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. त्या आदल्या रात्रीच माझे हात धरून म्हणाल्या होत्या, "अगो, त्यांचं गावात नाव आहे. या वयात ते मोडू नको. पोर काय, विसरून जाईल." मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पोरगी त्या एका अक्षरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "आधी पाठ कर. छान म्हटलंस तर बक्षीस मिळेल."

सभागृह भरलं होतं. तात्यांचे जुने विद्यार्थी पहिल्या दोन रांगांत. अवंती परकर-पोलकं घालून माइकपुढे उभी राहिली. एकदाही अडखळली नाही. शेवटी तिनं बाही वर करून हात सगळ्यांना दाखवला, तेही तात्यांनीच बसवलं होतं, आणि म्हणाली, "ही माझ्या चुकीची खूण आहे. वडीलधाऱ्यांचे ऐकावे, हे मी यातून शिकले." अशा टाळ्या पडल्या की काय सांगू. अजेयनं तर शिट्टी मारली. तात्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. अभिषेक टाळ्या वाजवत होता, अक्का वाजवत होत्या. मीही वाजवल्या. पहिला नंबर आला.

जुलैत शाळेतून बोलावणं आलं. चौथीच्या विद्युल्लता मॅडमनी मला बाजूला घेतलं. वर्गात मुलांनी कुंडीत मूग पेरायचे होते. अवंती मातीला हात लावत नाही. मातीलाच नाही, कशालाच नाही. मॅडम म्हणाल्या, "कहती है, मैं सुनती नहीं हूँ ना, इसलिए मेरे हाथ से गड़बड़ होती है. घर पे किसी ने कुछ कहा क्या?"

घरी येईपर्यंत मी रडत होते. रागानं. त्यांच्यावर, नवऱ्यावर, सगळ्यात जास्त स्वतःवर. ठरवलं, बस झालं, जाऊ दे ते नाव खड्ड्यात! अवंतीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. जीवरक्षक काय म्हणाला, तिनं हात पाठीमागे कसे लपवले, आजोबा 'हात पुढे' म्हणाले, फुगा त्यांनी ठेवला. "तू ऐकलं होतंस, बाळा. तू ऐकलंस म्हणूनच लागलं. तुझी काही चूक नव्हती. मी पाहिलंय, माझ्या डोळ्यांनी."

ती उठली आणि थेट ओसरीवर गेली. मी तिच्यामागे. तात्या पेपर वाचत होते.

"आजोबा, आई म्हणते तुम्हीच माझ्या हातात दिलं होतं."

तात्यांनी पेपर घडी करून ठेवला. मला वाटलं आता चिडतील, आवाज चढवतील. त्याला मी तयार होते. पण ते तिच्याकडे प्रेमानं बघून म्हणाले, "असं म्हणते? मग आईला एक विचार. सगळ्या गावासमोर तू चूक कबूल केलीस, तेव्हा ती टाळ्या का वाजवत होती?"

अवंती वळली. तिनं विचारलं नाही, नुसती बघत राहिली. बोटीवर मास्कच्या आतून बघितलं होतं तसं नव्हे. आता ती दोन मोठ्या माणसांतलं कोण खरं बोलतंय ते मोजत होती, आणि मी तिच्यासमोर हळूहळू कमी पडत गेले.

उत्तर माझ्यापाशी होतं. भ्याले म्हणून. घरात शांतता हवी होती म्हणून. तुझ्यापेक्षा मला ती जास्त हवी होती म्हणून.

मी म्हटलं, "हात धू जा. पानं घेतलीत."

ती गेली. मोरीत बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा तिनं आपलं ताट उचललं आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसली.