घोटांचं माप

माझा धंदा दुधाचा. खालापूरच्या कचेऱ्यांसमोरच्या चहाच्या टपऱ्या आणि साजगावातल्या कामगारांच्या खोल्या, एवढ्या भागात माझा रतीब. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून सकाळी निघतो. दुधात पाणी घालत नाही असं म्हटलं की गिऱ्हाईक हसतं, म्हणून ते म्हणायचंच सोडून दिलं. पण दूध ओळखावं ते मीच. भांड्याच्या तळाशी पडलेलं दूध नुसत्या नजरेनं बघून किती ते सांगतो, आणि माप लावलं तर तेवढंच भरतं.

मोजायची रीत मात्र बापाची. आमच्याकडे खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. बाप दुधालाही तसंच म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. माझी लेक लहान होती तेव्हा माझ्या शेजारी उभी असायची. मी लाभ म्हटलं की ती दोन म्हणायची. मग कॅनमध्ये डोकावून विचारायची, "बाबा, किती हाय?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून मोकळी व्हायची. चुकायची नाही.

ही लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कर्जतच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि दोघी सुखरूप घरी आल्या. मधल्या खोलीच्या दाराला पडदा लागला. पडद्याआड बाळंतीण, बाळ आणि माझी बायको, बाहेर ओटीवर मी. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काही काम नसतं. त्यात मी सारखा घुटमळायचो, तर बायको म्हणायची, "तुमी आपल्या म्हशी बघा."

सुरुवातीला बाळ चांगलं खणखणीत रडायचं. नंतर आवाज बारीक झाला. अंगावर घेतलं की दोन मिनिटं चोखायचं आणि झोपी जायचं. आंघोळ घालणारी बाई एकदा बाळाला उन्हात घेऊन बसली होती तेव्हा मला त्याचे पाय दिसले. मांडीची कातडी सैल पडली होती. मी तिथून उठून गोठ्यात गेलो.

बाळ बघायला बायका येत होत्या. येताना अळिवाचे लाडू आणायच्या आणि जाताना निकाल देऊन जायच्या.

"दूध पुरत नाय तिला."

"पातळ असल गं. रंग बघ ना पोरीचा."

एक म्हणाली, "दावणीला म्हशी असून लेकरू उपाशी ठेवता? पाणी घालून पाजा की वाटीनं." ज्या पाण्याची बदनामी मी जन्मभर सोसली, ते आता नातीसाठी घालायचं होतं. बायकोनं तिला उडवून लावलं. पण ती गेल्यावर बायकोही बराच वेळ गोठ्याकडे बघत बसली.

मग बदलापूरहून लेकीच्या सासूचा फोन आला. बारशाला येताना पावडरच्या दुधाचा डबा घेऊन येते म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, काळजीच होती. पण लेक फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पोरीला आपलं दूध पाजायचं, एवढीच तिची इच्छा होती. बाकी काही तिनं मागितलं नव्हतं.

म्हशीनं पान्हा चोरला तर मला दहा गोष्टी करता येतात. सरकी देतो, कोमट पाण्यानं कास धुतो, रेडकू आधी लावतो, नाहीच जमलं तर पाठ थोपटत उभा राहतो. लेकीसाठी मला एकही गोष्ट करता येत नव्हती. विचारायचीसुद्धा सोय नव्हती. बापानं काय विचारायचं? घरात दुधाचे कॅन भरलेले आणि माझी नात भुकेली, असं मनात यायचं आणि रतिबाच्या वाटेवर गाडी चालवताना डोळे भरून यायचे.

जावयानं दूध काढायचा छोटा हातपंप आणून दिला होता. एका दुपारी लेक स्वतःच पडद्याबाहेर आली. हातात स्टीलचा पेला होता. तो तिनं माझ्यापुढे धरला.

"बाबा, किती हाय?"

पेल्याचा तळ जेमतेम झाकला होता. मला बघताक्षणी कळलं. मी म्हणालो, "असल की अर्धा कप."

तिनं पेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, मला येतं मोजायला," एवढं बोलून ती आत गेली.

मापात पाप करू नये म्हणतात. मी ते केलं, आणि तिथल्या तिथे पकडला गेलो.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही बाळाला कर्जतला नेलं. काट्यावर ठेवलं तर जन्मावेळचं वजनही अजून भरून आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी लेकीला विचारलं, "किती वेळानं पाजतेस?"

"भरू देते आधी," लेक म्हणाली. "सैल लागलं की थांबते."

"ती काय टाकी आहे भरायला? बाळ जेवढं ओढेल तेवढं तयार होत राहतं. थांबलीस की कमी होणार. सैल लागलं म्हणजे आटलं असं नाही. आणि पंपाला आलं तेवढंच बाळाला मिळतं, असंही नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. मागेल तेव्हा पाजायचं, झोपलं तर उठवून पाजायचं, दोन्ही बाजूंना घ्यायचं. लंगोट किती भिजतात ते बघायचं आणि घोट ऐकायचे. दूध पोटात जात असेल तर गिळल्याचा आवाज येतो. आठवड्यानं परत आणा म्हणाल्या. वजन वाढलं नाही तर वरचं दूध द्यावं लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मी खुर्चीवर बसून ऐकत होतो. सकाळ-संध्याकाळ धार, मधे भरू द्यायचं, हे तिनं माझ्याच गोठ्यात पाहिलेलं. पण कासेत दूध उरत गेलं की म्हैस आटते, हेही आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. परतताना रिक्षात लेक म्हणाली, "म्हशीचं मला ठाव होतं बाबा. माझं माझ्या ध्यानात नाय आलं."

तो आठवडा वाईट गेला. लेक दिवसभर बाळाला घेऊन बसायची. अंगाला चिरा पडल्या होत्या, पाजताना रडायची, तरी पाजायची. मी लंगोट वाळत घालायचं काम मागून घेतलं. बायको म्हणाली, "ह्यांचा नवा रतीब." सुरुवातीला तारेवर थोडेच असायचे. मी त्यांच्याकडे बघत उभा राहायचो, जसं काही बघून ते वाढणार होते. आणि ओटीवर बसून कान पडद्याला लावायचो. आतून नुसतं चुटचुट ऐकू यायचं. आटलेल्या म्हशीला रेडकू लुचतं तेव्हा असाच कोरडा आवाज येतो. तो आवाज मला ओळखू येत होता, हेच नको झालं होतं.

आठवड्यानं काटा पुढे सरकला. डॉक्टरीणबाई हसल्या, डबा नको म्हणाल्या, बायकोनं तिथेच पदरानं डोळे पुसले. पण मला ते आदल्या दुपारीच कळलं होतं.

त्या दुपारी मी ओटीवर कॅन घासत होतो. आत बाळाचं चोखणं चाललं होतं, तेच कोरडं, भराभर. मग ते मंदावलं. मला वाटलं, झोपली परत. तेवढ्यात आवाज आला, लहानसा, घशातला. घोट. मी हातातला काथ्या खाली ठेवला आणि माझ्या नकळत माझ्या तोंडून निघून गेलं, "लाभ."

मग पुन्हा एक घोट वाजला, आणि पडद्याआडून लेकीचा भरून आलेला आवाज आला, "दोन."