ती माझ्यासारखी बोलायला शिकली

मेडशीत आमच्या शेतात एका सिनेमाचं शूटिंग ठरलं, तेव्हा त्यातली मुख्य नटी आधी दोन दिवस माझ्या घरी राहायला आली. तिला एकट्या राहणाऱ्या वऱ्हाडी बाईचं काम करायचं होतं आणि मी तशी आयतीच सापडले. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा पुण्यात.

तिला मी पडद्यावर फौजदार म्हणून पाहिलं होतं, सुनेला छळणारी सासू म्हणून, आणि एकदा दारू पिऊन भर बाजारात नाचणारी बाई म्हणूनही. वाटलं, आता घरात गप्पा रंगतील. पण ही बाई बोलेचना. मी तूर पाखडायला बसले की समोर बसून नुसती पाहत राहायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने विचारलं, "मावशी, तुम्ही त्या कुकरशी बोलता, हे तुमच्या लक्षात येतं का?"

मी ओशाळले. "मंग कोनाशी बोलू व? घरात दुसरं हाय कोन?"

तिने तेच वाक्य हळूच म्हणून पाहिलं. मग पुन्हा. चौथ्यांदा म्हणाली, तेव्हा तो हुबेहूब माझा आवाज होता.

वर्षभराने सिनेमा मोबाइलवर आला. शेजारणीला बोलावून पाहिला. नटी भिंतीकडे तोंड करून जेवत होती. मी अशी जेवते, हे मला ठाऊकच नव्हतं.

"हे तं तूच हायेस माय!" शेजारीण म्हणाली. मी हसले, पण पुढचं मला काही दिसलं नाही.

मी नटीला फोन केला. तिने लगेच ओळखलं, पण बोलणं पार बदललेलं, कोकणातल्या बायकांसारखं हेल काढून.

"सध्या मासे विकतेय, मावशी," ती हसली. "नवीन काम आहे."

तिच्यातून मी निघून गेले होते. वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. तरी वाटलं.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला.

"आई, तू अशी राहतेस?"

"सिनेमा हाय बावा तो."

तो शनिवारी आला. दोन दिवस माझ्यासमोर बसून जेवला आणि सोमवारी सकाळच्या एसटीने गेला. त्याला फाट्यावर सोडून मी तशीच वावरात गेले. सोयाबीनमध्ये तण फार झालं होतं.