एक प्याला कमी

देऊळगाव राजाहून दोन कोसांवरच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं थोडी, आणि त्या सगळ्यांवर एकच डोळा: प्रचारक याकोबमास्तर. प्रभुभोजनाचे, येशूच्या आठवणीत भाकरीसोबत द्राक्षरस घ्यायचे, काचेचे इवले प्याले ते तीनदा मोजायचे. धोतराच्या सोग्यानं पुसायचे, उजेडात धरायचे, पुन्हा पुसायचे. जितकी माणसं लायक, तितकेच प्याले तबकात. "देवाच्या घरी अंदाजपंचे काम नाही चालत, बाप्पा," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. चर्चचे पाळकसाहेब दोन-तीन महिन्यांनी एसटीनं यायचे, भाकर मोडायचे आणि निघून जायचे. लायक कोण, ते मास्तरच ठरवत.

मी नऊ वर्षांचा असताना माझी माय नालायक ठरली. शेजारच्या गोदाबाईनं यात्रेहून बालाजीचा प्रसाद आणला आणि मायनं तो खाल्ला, एवढंच. मास्तर दारात येऊन उभे. "मंडळीसमोर उभी राहून चुकलं म्हण बाई, विषय संपला."

"मास्तर, जिनं माह्यं बाळंतपण केलं तिच्या हातचं नाही कसं म्हनू? अन् चुकलं नाही तं चुकलं कसं म्हनू?"

झालं! पुढच्या प्रभुभोजनाला माय दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. तबक तिच्यापर्यंत आलं ते रिकामं. तिनं पुढे केलेला हात हळूच पदरात गुंडाळून घेतला. सहा वर्षं हेच. मग ती तापानं गेली.

दफनाच्या वेळी मास्तर प्रार्थना करत होते. मी डोळे मिटलेच नाहीत. लोकांना देवाचं पाचारण होतं तेव्हा म्हणे आवाज येतो, उजेड दिसतो. मला दिसला मास्तरांचा हात, माझ्या तबकापुढे पसरलेला आणि रिकामा. तिथंच ठरवलं, पाळक व्हायचं.

मग मी पेटलोच. स्तोत्रं पाठ केली, शास्त्रपाठ वाचू लागलो, रविवारची घंटा वाजवू लागलो. मास्तर नुसते बघत. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीला त्यांचीच शिफारस लागणार होती. दातओठ खात त्यांच्याकडे गेलो.

"काऊन बे, पाळक व्हायचं तुले?"

"प्रभूनं बोलावलं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हाव," म्हणाले, आणि चिठ्ठी लिहून पाकीट चिकटवून दिलं.

सेमिनरीच्या प्राचार्यांनी ती चिठ्ठी वाचली आणि माझ्यापुढे सरकवली. "मुलगा हुशार. आवाज चांगला. ह्याला प्रभूनं नव्हे, माझ्यावरच्या रागानं बोलावलं आहे. राग खरा आहे. तरी घ्यावा."

"हे खरं?" प्राचार्यांनी विचारलं.

"खरं."

त्यांनी मला घेतलं. माझा मात्र तिळपापड झाला. ज्याचा सूड घ्यायचा, त्याच्याच उपकारावर शिकायचं! चार वर्षांत ग्रीक शिकलो, उपदेश शिकलो, क्षमेवर तर पहिला नंबर मिळवला. राग तसाच होता, ठणठणीत.

पाळक होऊन पहिल्यांदा गावी निघालो. आता लायक माणसांची यादी माझ्या हातात होती. मास्तरांचं नाव मी एसटीतच खोडलं. ते थकले होते, पण प्याले अजून तेच लावत. भाकर मोडली, तबकावरचं फडकं काढलं आणि प्याले मोजले. आलेल्या माणसांपेक्षा एक कमी.

मान वर केली. मास्तर पुढच्या बाकावर नव्हते. दाराजवळ, मायच्या बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. इतकी वर्षं जपलेला माझा सूड त्या माणसानं सकाळीच, तीनदा मोजून, स्वतःच्या हातानं उरकून ठेवला होता. तेवढंही मला करू दिलं नाही!

सगळ्यांना वाटून झाल्यावर माझा स्वतःचा प्याला उरला. तो घेऊन मी दारापर्यंत गेलो. प्रेमानं नाही, संतापानं गेलो. "घ्या."

मास्तर उठून उभे राहिले. "मंडळीसमोर म्हनू काय, चुकलं म्हनून?"

"हे तुम्ही मायले म्हणायचं होतं, मास्तर. तिले आता ऐकू येत नाही."

त्यांनी हात पुढे केलाच नाही. मीही प्याला परत नेला नाही. बाकावर, माय बसायची तिथं, भरलेला ठेवला आणि वळलो.