तिन्ही शिफ्ट

तळवड्यात आमच्या शेजारी राहणारे काका चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीन चालवायचे. मुलीला अंथरुणावरून उठता येईना, तेव्हा त्यांनी काम सोडलं. बोली मात्र कंपनीचीच राहिली. मुलीला भरवून झालं की 'लंच झाला' म्हणतात, तिची कूस बदलली की 'सेटिंग केलं'. कुणी कीव केलेली त्यांना खपत नाही.

अपंगांना सांभाळणाऱ्यांसाठी असलेल्या सरकारी मदतीचा अर्ज द्यायला मी त्यांच्यासोबत गेलो. 'रोज किती तास सांभाळता?' या रकान्यात त्यांनी चोवीस लिहिलं होतं.

"आठ करा, काका," कारकून म्हणाला. "चोवीस तास कोण राबतं? आत्ता तर इथे उभे आहात."

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्या आईला रिलिव्हर म्हणून बसवून आलोय. बदली माणूस आल्याशिवाय आम्ही जागा सोडत नाही, राव."

"अर्ज परत येईल."

"येऊ द्या. फक्त कारण लेखी द्या. बाप तिन्ही शिफ्ट करतो, म्हणून मदत नाही."

कारकुनाने पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. आमच्या मागे उभ्या असलेल्या बाईने ते पेन घेतलं आणि स्वतःच्या अर्जातला आठाचा आकडा खोडला.